समासातलं टिंब

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी खिडकी उघडी असते आणि लांबच्या शाळेच्या मैदानावरून ढोल ऐकू येतात. बँडची तालीम चाललेली असते. एकच तुकडा, मध्येच तुटतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. कोणीतरी एकजण दर वेळी अर्ध्या ठोक्यानं मागे राहतो. झाडं अजून हिरवीच असतात, पण उन्हातला ऑगस्टचा जाडपणा गेलेला असतो. कुणाच्या तरी मागच्या अंगणातून कोळशाचा वास येतो, कापलेल्या गवताचा येतो. मी पुस्तक मिटून ठेवते. फुटबॉलचा मोसम आला.

इथे फुटबॉल म्हणतात त्या खेळात पायाचं काम फार थोडं असतं, हे मला चार वर्षांपूर्वी इथे आल्यावर कळलं. आता मी त्या खेळाची वाट बघते, याचं माझं मलाच कधीकधी नवल वाटतं. मी खेळणाऱ्या मुलींपैकी नव्हते, ओरडणाऱ्यांपैकी तर नव्हतेच. शाळेत बाई प्रश्न विचारायच्या तेव्हा उत्तर येत असूनही मी बाकाच्या कडेला नखानं रेघ ओढत बसायचे.

चार वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये मी सांगलीहून न्यू जर्सीत दादाकडे आले ती एक सूटकेस आणि परतीचं तिकीट घेऊन. तिकीट जानेवारीचं होतं. दादाच्या घरातल्या फ्रिजवर, सफरचंदाच्या आकाराच्या चुंबकाखाली, जवळच्या कॉलेजचा प्रवेश अर्ज लावलेला होता. त्यानंच आणून ठेवला होता. तो भरला तर मी राहणार, नाही भरला तर जाणार. डिसेंबर संपेपर्यंत मुदत होती. दादा त्याबद्दल बोलत नव्हता, मीही नाही. दूध काढायला फ्रिज उघडला की अर्ज दारासकट माझ्याकडे वळायचा आणि दार लावलं की परत जायचा.

मी परत जायचं ठरवूनच आले होते. कारण साधं होतं. आमचे बाबा गेले तेव्हा दादा आला नव्हता.

आई मी लहान असतानाच गेली. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, मी दहा वर्षांची असताना इंजिनिअर होऊन अमेरिकेला आला. उरलो बाबा आणि मी. बाबा एका मे महिन्यात, दुपारी, जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. दादाला तार केली. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबलो. मे महिना होता, त्याहून जास्त थांबता येत नव्हतं. अण्णाकाकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावानं, सगळं केलं. दादाचा फोन समोरच्या वकिलांच्या घरी आला तो दिवसकार्य उरकल्यावर. मी झोपलेय म्हणून सांगायला लावलं. मग पत्र आलं : बातमी उशिरा कळली, येता आलं नाही, तू जप. घरात कोणी काही बोललं नाही, पण अण्णाकाकांनी ते पत्र ज्या तऱ्हेनं घडी घालून मला परत दिलं त्यात सगळं होतं. मीसुद्धा काही बोलले नाही. नंतरचं सव्वा वर्ष मी दादाला दर महिन्याला पत्र लिहीत होते. हवापाणी, परीक्षा, शेजारच्यांचं बारसं. शुद्ध, नीटनेटकी पत्रं.

तर अशी मी, आणि असा तो रविवार.

रविवारी दुपारी एक वाजता देशमुखकाकांच्या तळघरात सगळे जमायचे. काका मूळचे नागपूरचे, इथे सर्जन. तपकिरी गालिचा, भलामोठा टीव्ही, पॉपकॉर्नच्या भांड्यात चिवडा. चिवड्यासाठी पातळ पोहे आयसेलिन गावातल्या एका दुकानातून यायचे. त्या रस्त्यावर तेव्हा आपली दुकानं बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि पोहे संपले की पुढच्या शनिवारपर्यंत थांबावं लागायचं. वर स्वयंपाकघरात काकू, माझी वहिनी आणि गरम तेलाचा वास. खाली काका, दादा आणि दादाचा मित्र अशोक कुलकर्णी, जो पुण्याचा होता आणि ते दर अर्ध्या तासानं कळत राहायचं.

मी खरं तर वर असायला हवी होते. पण वर बायका माझी चौकशी करायच्या, आपुलकीनं, आणि चौकशीइतकी भीती मला कशाचीच वाटत नव्हती. तळघरात माझ्याकडे कोणी बघायचं नाही. सगळ्यांचे डोळे टीव्हीकडे. लपायला याहून चांगली जागा नव्हती.

या मंडळींनी खेळाडूंना मराठी नावं ठेवली होती. आमच्या टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे मागे उभा राहून चेंडू फेकणारा, सगळा डाव ज्याच्या हातात असतो तो, त्या वर्षी नवा कोरा होता. कॉलेजातून नुकताच आलेला, लांब मानेचा, हेल्मेट काढलं की केस कपाळाला चिकटलेले. तो बाळू. त्यानं फेकलेला चेंडू पळत जाऊन झेलणारे ते रिसीव्हर. त्यांतला एक बराच वयस्कर होता, हळू पळायचा पण हातात आलेलं सोडायचा नाही. तो आजोबा. दुसरा उंच, हरणासारखा पळणारा, आणि चेंडू हातात आला की निसटलाच. तो लोणी.

वाद दर आठवड्याला तोच, आणि दर आठवड्याला नव्यानं.

"याला बसवा हो," देशमुखकाका म्हणायचे. "एक वर्ष बाहेर बसून बघू दे. मी इंटर्नच्या हातात पहिल्या दिवशी सुरी देतो का?"

"काका, सुरी दिलीच नाही तर तो सर्जन होणार कधी?" अशोकदादा.

"तोवर पेशंटचं काय?"

"पेशंट तसाही गेलेलाच आहे. स्कोअर बघा."

दादा टीव्हीवरची नजर न काढता म्हणायचा, "प्रश्न बाळूचा नाहीये यार. त्यानं फेकायचं कुणाला? आजोबा पोचेपर्यंत दुसरी मॅच सुरू होते."

"मग लोणी आहे ना. काय पळतो बघ."

"लोणीच्या हातात मी माझा चहाचा कपसुद्धा देणार नाही."

"म्हणून तर म्हणतो, ट्रेड करा. दोन पोरं द्या आणि एक बरा रिसीव्हर आणा. आमच्या पुण्यात असता तर..."

"तुमच्या पुण्यात असता तर दुपारी एक ते चार खेळलाच नसता," काका म्हणायचे, आणि अशोकदादा सर्वांत जोरात हसायचा.

मला खेळ शिकवला तो काकांच्या मुलीनं, मीतानं. तेरा वर्षांची, दातांवर तारा. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर ती इंग्रजीतून द्यायची. मला ते फार बरं वाटलं, कारण माझी शाळा इंग्रजी माध्यमाची होती आणि परक्या माणसाशी बोलायचं तर मला इंग्रजीचं अंतर बरं वाटतं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. फेकलेला चेंडू झेलला तर पास पूर्ण, जमिनीवर पडला तर अपूर्ण, दुसऱ्या बाजूनं पळवला तर सत्यानाश. ती खांदे न उडवता, कीव न करता सांगायची. "सी, इट्स नॉट हार्ड. यू जस्ट हॅव टू वॉच वन गाय ॲट अ टाइम."

एका वेळी एकाच माणसाकडे बघायचं. ते मला येत होतं. ते मला बाबांनी शिकवलं होतं.

बाबा जिल्हा परिषदेत नोकरीला होते, पण त्यांची खरी जागा रविवारी मैदानाच्या कडेला, कापडी मांडवाखालच्या टेबलाशी. ते क्लबच्या क्रिकेट सामन्यांचे स्कोअरर होते. दोन पेन्सिली, एक खोडरबर, पाण्याचा तांब्या. दादा लहानपणी त्यांच्या शेजारी बसायचा, तो गेल्यावर मी. स्कोअरबुकात गोलंदाजाच्या नावापुढे प्रत्येक चेंडूची नोंद होते : धाव, विकेट, काही नाही तर टिंब. पण झेल सुटला तर त्याची खूण कुठेच नसते. गोलंदाजानं फसवलं, फलंदाज फसला, चेंडू हातात आला आणि सुटला. पुस्तक म्हणतं, काही घडलं नाही. कधीकधी तर वर दोन धावा गोलंदाजाच्याच नावावर चढतात. बाबांना हे पटत नसे. झेल सुटला की ते समासात, त्या ओळीच्या समोर, पेन्सिलीचं एक बारीक टिंब द्यायचे. ते कोणी मोजायचं नाही, निकाल त्यानं बदलायचा नाही. मी एकदा विचारलं, मग देता कशाला? ते म्हणाले, "त्यानं त्याचं काम केलं होतं. कुठं तरी राहायला पाहिजे ते."

तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी वहिनीकडून एक लांबट वही मागून घेतली. रेघा आखल्या. बाळूच्या नावापुढे प्रत्येक पास : कुणाला फेकला, किती यार्ड, पूर्ण की अपूर्ण. हात रिकामे नसले की माझं मन थाऱ्यावर राहतं. आणि चेंडू हाताला लागून पडला की माझी पेन्सिल आपोआप समासात जायची. मी ठरवून केलं नाही. दुसऱ्या कोणत्या तऱ्हेनं स्कोअर लिहितात हे मला माहीतच नव्हतं.

असं लिहीत बसलं की जे ओरडताना दिसत नाही ते दिसतं. मला दिसलं की बाळू अडचणीत आला की नेहमी आजोबांकडेच बघतो. लोणी मोकळा असतो, हात वर करून पळत असतो, पण बाळूची मान वळायची ती आजोबांकडेच. खात्रीच्या माणसाकडे. टीव्हीवरचा निवेदक म्हणायचा, नवीन पोरांचं असंच असतं, एकच माणूस दिसतो. मी त्या वाक्यावर मान खाली घालून पेन्सिल तासत बसले. त्या घरात मी बोलत होते ती फक्त मीताशी.

ऑक्टोबरमध्ये झाडं पेटली. मला कोणी सांगितलं नव्हतं की इतकी पेटतात. वहिनी मला घेऊन फिरायला जायची, खाली पडलेली पानं उचलून माझ्या हातात द्यायची, लाल, त्याहून लाल. मी ती पुस्तकात ठेवायचे आणि मनात म्हणायचे, सांगलीला नेईन. टीम हरत होती. वर्तमानपत्रात सोमवारी बाळूचे आकडे छापून यायचे, इतके फेकले, इतकेच पूर्ण. अशोकदादा ते कात्रण खिशात घालून आणायचा.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी ते घडलं. शेवटची दोन मिनिटं, चार गुणांनी मागे. बाळूनं या वेळी आजोबांकडे पाहिलं नाही. मी पेन्सिल धरून वाट बघत होते आणि त्यानं मान दुसरीकडे वळवली, पाय रोवले आणि लोणीकडे फेकला. लांब, सुंदर, गिरक्या घेत गेलेला चेंडू बरोबर त्याच्या दोन्ही तळव्यांवर उतरला, तिथून उडाला आणि दुसऱ्या बाजूच्या खेळाडूच्या पोटाशी जाऊन बसला. संपलं.

तळघरात एकदम सगळे बोलायला लागले.

"झालं? बघितलंत? याला बसवा म्हणतोय मी दोन महिने."

"काका, तुम्ही चष्मा बदला. हातात होता बॉल."

"जरा उंच होता."

"उंच? कुठे उंच?"

"असे पास पूर्वीपासून किती सुटलेत कुणाला माहीत," दादा म्हणाला. "पेपरवाले तेवढंच लिहीत नाहीत."

मीता म्हणाली, "शी नोज. मनूआत्या रोट इट ऑल डाउन."

तिघेही माझ्याकडे बघत होते. मला वाटलं वही मिटावी आणि वर जावं. पण देशमुखकाकांनी हात पुढे केला, अगदी पेशंटचा केसपेपर मागतात तसा, आणि मी वही दिली.

ते चष्मा वर करून पानं उलटत राहिले. "हे काय आहे? कडेला हे डाग?"

"डाग नाहीत." माझा आवाज मला अनोळखी वाटला. "हातातून सुटलेले आहेत ते. अपूर्ण बाळूच्या नावावर लागतं. पण त्यानं बरोबर फेकला होता, म्हणून."

"एवढे?"

"हो. सगळे लोणीचे नाहीत. दोन आजोबांचेही आहेत."

"आजोबांचे?" अशोकदादानं छातीवर हात ठेवला. "आता जगायचं कुणाच्या भरवशावर?"

काका हसले आणि वही दादाकडे गेली. दादा हसला नाही. त्यानं ती उघडली आणि एका पानावर थांबला. अंगठा समासावरून वरून खाली फिरवला. मग त्यानं वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली, गाडी गरम करतो म्हणाला आणि कोट न घालताच बाहेर गेला.

परतताना वहिनी मागे डुलकी घेत होती. बऱ्याच वेळानं, लाल दिव्यापाशी, दादा म्हणाला, "बाबा पेन्सिल दोन्ही बाजूंनी तासायचे."

आल्यापासून त्यानं पहिल्यांदा बाबांचं नाव काढलं होतं. मला उत्तर देता आलं असतं. एक टोक मोडलं तर ओव्हर चुकायला नको म्हणून, असं बाबाच सांगायचे. आम्हा दोघांनाच ते माहीत होतं. पण मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, तुला आता त्या टेबलाशी बसायचा हक्क नाही. इतकं कठोर मी दुसऱ्या कोणाविषयी कधी वाटून घेतलेलं नाही.

त्या रात्रीच्या बातम्यांत बाळूची मुलाखत होती. ओले केस, खाली गेलेले डोळे. त्या शेवटच्या पासचं काय, असं पत्रकारानं विचारलं. तो म्हणाला, "बॉल थोडा उंच गेला. चूक माझीच." बातमीदार पुढे वळला. मला राग आला. उंच नव्हता. माझ्याकडे लिहिलेलं होतं. खोटं बोलून स्वतःच्या नावावर अपयश घेण्यात कसला शहाणपणा, मला कळेना. लोणीनं तरी पुढे येऊन सांगायचं. पण मग वाटलं, लोणीला कदाचित खरंच वाटत असेल की उंच होता.

डिसेंबर आला तेव्हा मी विमान कंपनीला फोन करून जानेवारीची जागा पक्की केली. एकटीनं केलेला माझा इथला पहिला फोन. वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, यांना तूच सांग." मी म्हटलं, सांगेन.

मोसमातला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता तेव्हा बर्फ पडत होता. देशमुखकाका हॉस्पिटलात ड्यूटीवर, अशोकदादाची गाडी निघेना, म्हणून त्या दिवशी आम्ही तिघंच, दादाच्या घरी. वहिनी शेंगदाणे भाजत होती. टीव्हीतल्या मैदानावरही बर्फ होतं, रेघा दिसेनाशा झाल्या होत्या आणि बाळूच्या तोंडातून वाफ येत होती. दुसरा क्वार्टर सुरू झाला आणि माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

"टेबलाच्या खणात शार्पनर असेल बघ," दादा म्हणाला. "वरच्या."

मी खालचा उघडला. मला वरचं-खालचं घाईत कळत नाही. जुनी बिलं, रबरबँड, पासपोर्टची पाकिटं, आणि एक तार. कागद घड्यांवर मऊ झाला होता. फादर एक्सपायर्ड. कम इमिजिएटली.

ते शब्द माझेच. आमच्या घरातले सगळे इंग्रजी फॉर्म मी भरायचे, माझं अक्षर कॉन्व्हेंटचं म्हणून. अण्णाकाका मला स्कूटरवर बसवून तारघरात घेऊन गेले होते. मी बाबांची डायरी उघडून पत्ता उतरवला होता. तो पत्ता इथे वर छापलेला होता, आणि तो या घराचा नव्हता. तिथलं रस्त्याचं नावच वेगळं होतं.

मी खणापाशी उभी होते आणि मला एप्रिलमधली सकाळ आठवली, इतकी स्पष्ट की गॅसवरच्या दुधाचा वास आला. दादाचं पत्र आलं होतं, घर बदललं, नवा पत्ता खाली दिलाय. बाबा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "मनू, डायरीत तेवढा पत्ता उतरवून घे गं, तुझ्या चांगल्या अक्षरात." मी हो म्हटलं. माझी परीक्षा होती. पत्र मी डायरीत न ठेवता अभ्यासाच्या वहीत ठेवलं, उद्या उतरवू म्हणून.

वहिनी झारा हातात घेऊनच दारात आली. माझ्या हातातला कागद बघून तिनं गॅस बंद केला.

"तुला दाखवायचं नाही म्हणाले होते," ती हळू आवाजात म्हणाली. "जुन्या घराच्या मॅनेजरकडे टपाल साठलं होतं. ते आणायला गेले तेव्हा गठ्ठ्यात हे निघालं. बारा दिवस झाले होते गं. दहा मिनिटांचा रस्ता, पण घरी यायला त्यांना दोन तास लागले. कुठे होतात विचारलं तर म्हणाले, गाडीत."

"मला कधी सांगितलं नाही."

"मी म्हटलं होतं, निदान अण्णाकाकांना लिहा. म्हणाले, पोरगी तिथे एकटी आहे, त्यात आणखी हे कशाला तिच्या डोक्यावर. माझ्या नावावर असू दे."

बाहेरच्या खोलीत निवेदकाचा आवाज चढला. दादा एकटाच काहीतरी म्हणाला, "अरे धर, धर..." मी तार घेऊन त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. टीव्ही झाकला गेला. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे.

मग तो म्हणाला, "मी पत्ता उशिरा कळवला, मनू. आधी कळवायला हवा होता. चूक माझीच."

त्याचे डोळे खाली गेलेले होते. तो चेहरा मी महिन्याभरापूर्वी टीव्हीवर पाहिला होता.

"उंच नव्हता," मी म्हटलं.

"काय?"

"उंच नव्हता, दादा. तुझं पत्र एप्रिलमध्येच आलं होतं. बाबांनी मला पत्ता उतरवून घ्यायला सांगितलं होतं. माझ्या हातात आला होता."

त्यानं सोफ्यावर सरकून जागा केली. मी बसले. मला इतरांसमोर रडता येत नाही, म्हणून मी वहीत तोंड खुपसलं, आणि तो माझ्या डोक्यावर हात ठेवावा की नाही या विचारात हात हवेत धरून बसला असावा, कारण वहिनी म्हणाली, "अहो, ठेवा आता." मग त्यानं ठेवला. जड, गरम हात. बाबांचा असाच होता. आम्ही तसेच किती वेळ होतो मला माहीत नाही. मध्येच त्यानं विचारलं, "उठले नाहीत म्हणजे... त्रास झाला का गं त्यांना?" दीड वर्षाहून जास्त तो हे विचारायला थांबला होता. मी सांगितलं. जेवणात काय होतं, आडवं होण्याआधी ते काय म्हणाले, उशाशी कुठली पेन्सिल होती. सगळं सांगितलं. नंतर मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि वहिनीच्या पलंगावर पडले, आणि झोपलेय असं खोटं सांगायची या वेळी गरज पडली नाही. मी खरंच झोपले.

मंगळवारी मी फ्रिजवरचा अर्ज काढला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून भरला. नाव, जन्मतारीख, शाळा. मग कायमचा पत्ता. तिथे मी थांबले. वहिनीकडून एक जुनं पाकीट मागून घेतलं आणि समोर ठेवून उतरवला, घर क्रमांक, रस्ता, गाव, एकेक अक्षर बोटानं जुळवत, दोनदा. जानेवारीची जागा रद्द करायला फोन केला. तो माझा इथला दुसरा फोन.

बाळू अजून आमच्याच टीममध्ये आहे. लोणी दुसऱ्या गावी गेला, आजोबा निवृत्त झाले, त्यांच्या जागी आलेल्यांची बारशी तळघरात रीतसर झाली आहेत. देशमुखकाका आजही म्हणतात की पहिलं वर्ष बसवला असता तर आज कुठे असता. मीता आता गाडी चालवते. मी तासाभराच्या अंतरावर राहून शिकते, आणि मोसम सुरू झाला की रविवारी बसनं जाते. परवा दादाचा फोन आला. "येतेस ना? वही आणशील. इथे सगळे पुराव्याशिवाय बोलतायत."

ढोल थांबले तेव्हा मी ती पहिल्या वर्षाची वही कपाटातून काढली. डिसेंबरचं शेवटचं पान. पहिल्या क्वार्टरच्या नोंदी माझ्या, पेन्सिलीतल्या. मग पेन्सिल मोडल्याची एक बोथट रेघ. त्याच्या खाली निळ्या बॉलपेननं पुढच्या नोंदी आहेत. मी आत झोपले होते तेव्हा दादानं सामना शेवटपर्यंत लिहून काढला होता, मीच आखलेल्या रकान्यांत, इतक्या वर्षांनी, त्यानंतरचा एकही पास न सोडता. समासात त्याची टिंबं आहेत, बाबांपेक्षा जरा मोठी. प्रत्येक टिंबासमोर एक पास आहे.

एकासमोर नाही. ते पानाच्या अगदी वरच्या बाजूला आहे, जिथे मी दर पानावर, नोंद कुणाची म्हणून, माझं नाव लिहायचे, त्या ओळीच्या समोर. तिनंही तिचं काम केलं होतं, म्हणून.